प्रतिसाद: पैसा नव्हता, पण एमझेडचं इंजिन होतं

मोटारसायकल शर्यतींत छोट्या कंपन्या केवळ चांगल्या रायडरच्या जोरावर जिंकायच्या, असं वर कुणीतरी म्हटलंय; ते मला पटत नाही. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एमझेड या मोटारसायकल कंपनीचं उदाहरण घ्या. तिथले इंजिनिअर वॉल्टर काडेन यांच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाने १९६१ मध्ये १०,८०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे इंजिनाच्या लिटरभर क्षमतेमागे २००! तेही हवा दाबून भरणारा टर्बो किंवा सुपरचार्जर नसताना.

यात तीन गोष्टी होत्या. क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) बसवलेल्या पातळ पोलादी डिस्कमुळे इनटेक, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण आत घेणारी वाट, लवकर उघडून वेळेत बंद करता यायचा. पिस्टनने उघडझाप होणाऱ्या पोर्टला (सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्राला) ते जमत नाही. एक्झॉस्टसमोरच्या तिसऱ्या ट्रान्स्फर पोर्टला (सिलिंडरमध्ये मिश्रण सोडणाऱ्या छिद्राला) मिश्रण पिस्टनमधल्या खिडकीतून मिळे, त्यामुळे पिस्टनचा माथा आणि पिस्टनला जोडणाऱ्या गजनपिनचं बेअरिंग थंड राहायचं. आणि सगळ्यात मोलाचा एक्सपान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगलेला एक्झॉस्ट पाइप: रुंदावणारा शंकू जळका वायू ओढतो, पुढचा निमुळता शंकू दाबलहर परत पाठवतो आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी सिलिंडरमध्ये ढकलतो. पाइप आखूड केला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. पाइपला जुळणाऱ्या आरपीएमच्या पट्ट्याबाहेर लहर अवेळी येते आणि इंजिन मरगळतं, म्हणून गिअर जवळजवळचे लागतात.

१९६१ ला स्वीडनच्या शर्यतीत इंजिनाने दगा दिला, एमझेडचे रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेत पळाले आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकीकडे गेलं. १९६२ चं ५० सीसीचं विश्वविजेतेपद डेग्नर यांनी सुझुकीवर जिंकलं. काडेन यांचं श्रेय मात्र आजही अपुरंच दिलं जातं.