ग्रेसलँड, तिप्पट मजुरी आन् भुलाबाई

काळी_माती: काल रात्री वावरात रखवालीला बसून अमेरिकन गायक पॉल सायमनचा ‘ग्रेसलँड’ पुन्हा ऐकला. १९८६ चा अल्बम, पण तो बास आजही छातीत वाजते. तेव्हा काहींनी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरचा बहिष्कार मोडला म्हणून त्याला झोडपलं. माझ्या मते निव्वळ जळकेपणा. पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालंच ना! आपल्या भुलाबाईच्या गाण्यांचाही कोणी असा अल्बम करावा.

निंबाचा_पार: जळकेपणा? १९८० मध्येच संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्काराचं आवाहन केलं होतं. मंडेला तुरुंगात. आन् हा १९८५ मध्ये जोहान्सबर्गला जाऊन रेकॉर्डिंग करते, मंडेलांच्या पक्षाले, एएनसीले, विचारत नाही. मग लोक काय आरती ओवाळतील?

आन् भुलाबाईच्या अल्बमची हौस मले सांगू नका. आमच्या मावशीकडं, दारव्ह्याच्या बाजूले, एक बुवा टेपरेकॉर्डर घेऊन आल्ता. तीन दुपारी ओसरीवर बसून गाणी म्हणवून घेतली. चहा आमचा, पोहे आमचे. पुढं कॅसेट एसटी स्टँडवर विकायले. कव्हरवर ‘पारंपरिक’ आन् खाली संगीत म्हणून बुवाचं नाव. मावशीनं त्यात एक कडवं जावेले टोमणा म्हणून स्वतः जुळवलं होतं, जावेच्या नावासकट. थे नावही तसंच कॅसेटात! परंपरेत आमच्या घरची जाऊ कुठून घुसली?

काळी_माती: सायमननं तसं केलं नाही, हेच तर म्हणतोय. तिथल्या वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट पैसे दिले. ‘होमलेस’ गाण्यावर तिथल्याच गायक जोसेफ शबालालाचं नाव आहे. पुरे की अजून?

बोंडअळी: अल्बमच्या शेवटच्या गाण्यात वाजवणाऱ्या लॉस लोबोस या अमेरिकन बँडचं नाव त्यावर कुठी हाय? त्यांचा स्टीव्ह बर्लिन सरळ चोरी म्हणते. आन् तिप्पट मजुरी दिली म्हणजे वावर नावावर होते का भाऊ?

काळी_माती: सायमन म्हणतो, तेव्हा ते काही बोललेच नाहीत.

निंबाचा_पार: मावशीही तेव्हा बोलली नव्हती.

सदाशिव_पेठी: मध्येच विचारतो, भुलाबाई म्हणजे आमचा भोंडलाच ना? नाव तेवढं वेगळं.

तुरकाठी: तेवढं वेगळं?? भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्या पोरी घरोघरी फिरतात. मातीचे भुलोबा-भुलाबाई बसवतात, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. तुमच्याकडं पाटावर हत्ती काढला, फेर धरला, झालं. काऊन बाप्पा सगळं आपल्याच नावावर लावून घेता?

सदाशिव_पेठी: खिरापत ओळखणं दोन्हीकडे, सासरमाहेरची गाणी दोन्हीकडे. यात चिडण्यासारखं काय आहे?

तुरकाठी: चिडून नाही राह्यलो, सांगून राह्यलो. आमची बहीण पुण्यात दिली. पहिल्याच वर्षी तिनं भुलाबाई बसवली, तर शेजारीण म्हणे, ‘हे काय, बाहुलीचं लग्न?’

बोंडअळी: पण आपल्या गावात तरी कोण बसवते आता? माझ्या पोरीले दोन गाणी येतात, दोन्ही मोबाइलवर शिकली.

तुरकाठी: तुमच्या पोरीचं सांगा. आमच्या गल्लीत अजून बसते.

बोंडअळी: बसते, पण म्हणते कोण? स्पीकर.

सदाशिव_पेठी: म्हणजे अल्बम हवाच की!

तुरकाठी: तुम्ही गप राहा.

निंबाचा_पार: धागा सायमनचा होता. बरं, एक मान्य करतो. शबालालाच्या लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो गटातले गायक जगात पोचले ते ह्याच अल्बममुळं. १९८७ च्या दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेचे ह्यू मसेकेला आन् मिरियम मकेबा सायमनसंगं स्टेजवर होते. दोघंही वर्णभेदापायी देशाबाहेर दिवस काढणारे. त्यांना चाललं, तर मी इथं निंबाखाली बसून काय तोंड वर करून बोलू? झालं समाधान?

काळी_माती: लय उपकार झाले. मीही ‘जळकेपणा’ मागं घेतो. अल्बम नाही घेत.

बोंडअळी: थे सोडा. मावशीची कॅसेट हाय का? जावेचं कडवं ऐकायचं होतं.

निंबाचा_पार: कॅसेट हाय, टेप नाही. म्हणून आत्ताच मावशीले फोन लावला, म्हटलं म्हणून दाखव. हसत सुटली. म्हणते, थे कडवं मुळात जावेनंच जुळवलेलं, मावशीवर. हिनं फक्त नाव फिरवलं.