मदत हवी आहे : 'विषय आहे, प्रश्न कुठे आहे?' म्हणजे नक्की काय?

नमस्कार मंडळी,

इतिहासात बीए झालं, एमएचं शेवटचं सत्र चालू आहे. पीएचडीसाठी '१७व्या शतकातला हिंदी महासागरातील व्यापार' असा प्रस्ताव लिहिला. मार्गदर्शक बाईंनी आठही पानं वाचली आणि समासात एकच ओळ खरडली : "विषय आहे, प्रश्न कुठे आहे?" तेव्हापासून तीन मसुदे फाडले. प्रश्न म्हणून जे लिहिते ते परीक्षेतल्या दहा मार्कांसारखं दिसतं, 'कारणे व परिणाम विशद करा'.

बीएला दुसऱ्यांनी लिहिलेला इतिहास पाठ केला. एमएला त्या लिहिणाऱ्यांची आपसातली भांडणं वाचली (हे मात्र मनापासून आवडलं). आता स्वतः काही म्हणायची वेळ आली तर तोंडातून शब्द फुटत नाही.

शिवाय डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद वापरायचे तर डच हवी, ती येत नाही. इंग्रजी भाषांतरांवर भागेल का? आणि सगळे म्हणतात विषय लहान कर, पण फ्रेंच इतिहासकार ब्रोदेलने तर उलटंच केलं ना? स्पेनच्या राजाच्या, दुसऱ्या फिलिपच्या राजकारणापासून निघाला आणि अख्खा भूमध्य समुद्र कवेत घेतला.

प्रतिसाद

ब्रोदेलचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९२३च्या सुमारास हाती घेतलेला प्रबंध १९४७मध्ये मार्गी लागला. मधली काही वर्षं तर युद्धकैदी म्हणून, टिपणं जवळ नसताना लिहिण्यात गेली. तुमची फेलोशिप तेवढी पुरणार असेल तर खुशाल समुद्र घ्या!

नुसतं डोकं खाजवून प्रश्न सुचत नाही, कागद वाचताना काहीतरी खटकतं तेव्हा सुचतो. इटालियन पंडित लोरेन्झो वाल्लाने १४४०मध्ये कॉन्स्टंटाइनचं दानपत्र (सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा कागद) बनावट ठरवलं, ते असंच. चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या कागदात 'सत्रप' (म्हणजे इराणी सुभेदार) कुठून आले, असे शब्द धरून धरून त्याने तो सोलला. तुम्हाला काय खटकलंय? कंपनीचा कारकून ज्या दलालाला पत्रात लबाड म्हणतो, त्याच्याशीच वर्षानुवर्षं व्यवहार का करत राहतो? याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही, आणि जे वाटतंय ते कागद उघडल्यावर चुकीचं ठरू शकतं. बाई मागतायत तो प्रश्न हा. 'कारणे व परिणाम'चं उत्तर गाइडात छापलेलं असतं.

भाषांतरांवर एमए निभावेल, पीएचडी नाही. भाषांतर करणाऱ्याने निवडलेलेच कागद तुम्हाला दिसतात, आणि त्याने गाळलेले नेमके तुमच्या कामाचे असू शकतात. छापील डच वाचता आली तरी १७व्या शतकातलं हस्ताक्षर लागायला आणखी काही महिने धरा. प्रस्तावाच्या वेळापत्रकात हे स्पष्ट लिहा, लपवू नका.

धागाकर्ती

दलालाचं वाचून टिपणं उघडून बसले. भाषांतरित पत्रांत एक नाव तीन ठिकाणी तीन वेगळ्या स्पेलिंगनी आलंय. मी सरळ एकच माणूस धरून पुढे गेले होते. तिघे असतील तर माझं एक आख्खं प्रकरण कोसळतं. मूळ कागद बघितल्याशिवाय कळणार नाही, म्हणजे डच आलीच. उद्या बाईंना हेच दाखवते.