मदत हवी आहे : मिलिंग मशीनच्या रेट्रोफिटमध्ये एन्कोडर मोटरवर ठेवावा की बॉलस्क्रूच्या टोकाला बसवावा?

जाणकारांना नमस्कार.

छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या, तीन अक्षांच्या मिलिंग मशीनचे रेट्रोफिट (जुन्या मशीनला नवे नियंत्रण बसवणे) मी करत आहे. मशीनचा सांगाडा, स्लाइड आणि बॉलस्क्रू चांगल्या अवस्थेत आहेत, त्यामुळे ते तसेच ठेवले आहेत. जुना कंट्रोलर काढून त्याजागी लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर आणि मेसाचे ७आय७७ कार्ड बसवले आहे. मूळ ब्रशवाल्या डीसी सर्व्हो मोटर आणि त्यांचे ड्राइव्हही कायम आहेत. ड्राइव्हला उणे १० ते अधिक १० व्होल्टची आज्ञा मिळते आणि वेगाचे नियंत्रण तो मोटरच्या मागच्या टॅकोजनरेटरवरून (वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज देणाऱ्या छोट्या जनरेटरवरून, पुढे टॅको) स्वतःच करतो. मोटर आणि बॉलस्क्रू यांच्यामध्ये २:१ प्रमाणाचा टाइमिंग बेल्ट आहे, म्हणजे मोटरच्या दोन फेऱ्यांत ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणारा) स्क्रू एकदा फिरतो. आता एन्कोडरचा (फिरलेला कोन मोजून कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरचा) निर्णय तेवढा राहिला आहे, आणि तो नीट विचार करूनच घ्यावा अशी माझी इच्छा आहे, कारण पुढची सगळी जुळवणी त्यावर अवलंबून आहे.

सध्याचे एन्कोडर टॅकोच्याही मागे बसवलेले असून प्रत्येकी ५०० पीपीआरचे (फेऱ्याला ५०० पल्स देणारे) आहेत. ऑसिलोस्कोपवर पाहिले असता ए चॅनेलचा वरचा भाग अर्ध्याऐवजी जवळपास दोन तृतीयांश काळ टिकतो आणि मोटर गरम झाली की तो आणखी पसरतो. झाकण उघडल्यावर काचेच्या चकतीवर ब्रशच्या कार्बनची बारीक पूड आणि तेलाचा पातळ थर दिसला. इंडेक्सपासून (फेऱ्याला एकदाच येणाऱ्या खुणेच्या पल्सपासून) इंडेक्सपर्यंत मोजल्यास एका फेऱ्यात २००० काउंट यायला हवेत. तिथे वाय अक्षावर मधूनच १९९८ येतात. चकती पुसून काही काळ भागेल, पण कार्बनची पूड पुन्हा त्याच जागी जमणार, म्हणून एन्कोडर बदलायचेच असे ठरवले आहे.

किती पीपीआर घ्यावे, हा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. स्क्रूवर १००० पीपीआरचा एन्कोडर बसवला तर चौपट मोजणीने (ए आणि बी या दोन्ही चॅनेलच्या सगळ्या कडा मोजून) फेऱ्याला ४००० काउंट मिळतात आणि एक काउंट १.२५ मायक्रॉनचा होतो. २५०० पीपीआरचा घेतला तर तोच ०.५ मायक्रॉनवर येतो. या मशीनकडून अर्ध्या मायक्रॉनच्या अचूकतेची अपेक्षा कोणीही करणार नाही. तरीही मंद फीडवर बारीक मोजणीचा उपयोग होतो, असे माझे मत आहे. ६० मिमी प्रति मिनिट या फीडला टेबल एका मिलिसेकंदात १ मायक्रॉन सरकते, म्हणजे १००० पीपीआरवर सर्व्हो लूपच्या (स्थान वाचून आज्ञा सुधारण्याच्या चक्राच्या) काही आवर्तनांत एकही काउंट येत नाही आणि डी गेन (चूक किती वेगाने बदलते त्यावर प्रतिसाद देणारा गुणक) वाढवला की मोटर कुरकुरू लागते. मेसा कार्डचे होस्टमॉट२ हे फर्मवेअर काउंटांमधील वेळ मोजून वेगाचा अंदाज घेते, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो हे मला माहीत आहे. म्हणून माझा कल २००० ते २५०० पीपीआरकडे आहे. यात काही चुकत असल्यास अवश्य सांगावे.

खरा पेच जागेचा आहे. एन्कोडर मोटरच्या मागे ठेवला तर बसवणे सोपे, लूप घट्ट आणि ट्यूनिंग सरळ. पण बेल्टचा ताण, पुलीची ढिलाई आणि बेल्टच्या दातांमधली मोकळी हालचाल यांतले काहीही कंट्रोलरला दिसत नाही. बेल्ट तुटला तरी मोटर फिरत राहते आणि टेबल जागेवर थांबलेले असताना स्क्रीनवरचे आकडे पुढे सरकत राहतात. बेल्टच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे स्क्रूच्या मोकळ्या टोकाला एन्कोडर बसवला तर या सगळ्या गोष्टी फॉलोइंग एररमध्ये (आज्ञेचे स्थान आणि मोजलेले स्थान यांतला फरक, पुढे ‘फेरर’) लगेच उमटतात. शिवाय नटापासून मोकळ्या टोकापर्यंतच्या भागावर पिळाचा भार जवळजवळ नसतो, म्हणून तिथला एन्कोडर नटाजवळचाच कोन दाखवतो. स्क्रूला बसणारा पीळ त्यामुळे आपोआप हिशेबात येतो, ही गोष्ट मला फार पटली. माझ्या स्क्रूवर हा पीळ एक-दोन मायक्रॉनपेक्षा जास्त नसेल, पण बेल्टची लवचीकता त्याच्या कितीतरी पट असणार.

याची दुसरी बाजूही आहे. टॅको मोटरवर आणि एन्कोडर स्क्रूवर असल्याने बेल्ट पोझिशन लूपच्या आत येतो. वेगाचा लूप टॅकोवरच बंद होत असल्यामुळे दोलन मर्यादेत राहील असा माझा तर्क आहे, पण बेल्ट थोडा सैल पडला की अक्ष जागच्या जागी पुढे-मागे करू लागेल का, हे मला कागदावर ठरवता येत नाही. ज्यांनी टॅको मोटरवर ठेवून एन्कोडर स्क्रूवर नेला आहे, त्यांना पी गेन (स्थानाच्या चुकीला मिळणाऱ्या प्रतिसादाचा गुणक) किती खाली आणावा लागला? शिवाय एन्कोडरचे कपलिंग घसरले तर कंट्रोलरला हालचाल दिसत नाही आणि फेररची मर्यादा ओलांडली जाईपर्यंत मोटर पळत राहते. झेड अक्षावर याची मला विशेष काळजी वाटते, कारण तिथे हेडचे वजन आहे आणि मोटरला ब्रेक नाही.

टेबलाला थेट लिनियर स्केल लावण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. वाय अक्षाच्या नटात डायल गेजवर ०.०३ मिमी बॅकलॅश दिसतो, आणि एवढी मोकळी हालचाल लूपच्या आत घेतली की अक्ष स्थिर राहणे कठीण. आधी नट घट्ट करणे हाच योग्य क्रम आहे, असे मला वाटते.

आता बसवण्याविषयी. स्क्रूचे मोकळे टोक बेअरिंगच्या बाहेर १२ मिमी येते आणि त्यात मूळचे सेंटर ड्रिलचे छिद्र आहे. टोकावर कानस सहज चालते, म्हणजे तो भाग कडक केलेला नाही. तिथे ६ मिमी व्यासाचा छोटा दांडा बसवण्याचा बेत आहे. आटे पाडून दांडा आवळला तर दिशा सतत बदलत राहिल्याने तो सैल पडेल आणि आट्यांमुळे नीट केंद्रातही बसणार नाही, अशी शंका वाटते. त्याऐवजी रीमर मारलेल्या छिद्रात रिटेनिंग कंपाउंड लावून गुळगुळीत दांडा बसवावा का? आणि स्क्रू मशीनवरून न काढता ते छिद्र केंद्रात पाडण्याची कोणाची खात्रीची पद्धत आहे का?

पोकळ शाफ्टचा एन्कोडर घेतल्यास त्याचे अंग पातळ पत्र्याच्या स्प्रिंगने अडवायचे असते, ते बोल्टने घट्ट करायचे नसते. दांड्याचा रनआउट डायलवर ०.०४ मिमी, म्हणजे उत्केंद्रता ०.०२ मिमी आली आणि स्प्रिंगची अडवण्याची जागा केंद्रापासून ३० मिमीवर असली, तर ५ मिमी लीडवर साधारण अर्ध्या मायक्रॉनची चूक येते. ती मला चालेल. भरीव शाफ्टच्या एन्कोडरला मात्र बेलोज कपलिंग आणि वेगळा ब्रॅकेट लागेल. तिथे दुसरी अडचण अशी की हेच टोक तरंगत्या बेअरिंगचे आहे : ५०० मिमी लांबीचा पोलादी स्क्रू १० अंश सेल्सिअसने तापला की साधारण ०.०६ मिमी लांब होतो, आणि जोडणी ताठ असेल तर तो सगळा दाब एन्कोडरच्या छोट्या बेअरिंगवर येतो. अशा ठिकाणी दोहोंपैकी कोणता प्रकार जास्त टिकतो, हे प्रत्यक्ष वापर केलेल्यांकडून ऐकायचे आहे.

चुंबकीय चिपचे पर्यायही पाहिले. त्यांना तेल आणि पुडीचा त्रास नाही, पण चुंबक केंद्रात नसेल तर प्रत्येक फेऱ्यात कोनाची चूक पुन्हा पुन्हा येते, आणि एक अंशाची चूक म्हणजे माझ्या स्क्रूवर जवळपास १४ मायक्रॉन. एएमटी१०२ सारखे कपॅसिटिव्ह एन्कोडर मला अधिक विश्वासार्ह वाटतात. त्यांचे पीपीआर स्विचने २०४८ पर्यंत बदलता येते. मात्र त्यांचा सिग्नल डिफरन्शियल (एकमेकांच्या उलट अशा दोन तारांवरून जाणारा, म्हणून बाहेरच्या गोंगाटाला कमी बळी पडणारा) नाही.

सिग्नलच्या बाबतीत मी ठाम आहे, तरी खात्री करून घ्यायची आहे. मशीनपासून पॅनेलपर्यंत ५ मीटर केबल असून स्पिंडलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा, विद्युत गोंगाट करणारा ड्राइव्ह) त्याच पॅनेलमध्ये आहे. ओमरॉनचा सहज मिळणारा ई६बी२-सीडब्ल्यूझेड६सी ओपन कलेक्टर प्रकारचा आहे. त्याला पुल-अप रोध लागतो आणि लांब केबलवर सिग्नलचा चढाव मंद होतो. म्हणून ५ व्होल्टचा लाइन ड्रायव्हर असलेला सीडब्ल्यूझेड१एक्स, पिळाच्या जोड्यांची शील्ड केबल, आणि ७आय७७ वरील जंपर डिफरन्शियलवर, असे ठरवत आहे. वेगाची अडचण दिसत नाही : ५ मीटर प्रति मिनिट रॅपिडला स्क्रू १००० आरपीएमने फिरतो आणि २००० पीपीआरवर प्रत्येक चॅनेल साधारण ३३ किलोहर्ट्झवर राहतो, तर या एन्कोडरची मर्यादा १०० किलोहर्ट्झ आहे. शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करावी की मशीनच्या अंगालाही जोडावी, यावर मात्र उलटसुलट मते वाचली आहेत. व्हीएफडी शेजारी असताना कोणाला प्रत्यक्ष फरक मोजता आला आहे का?

होमिंगसाठी (मशीनचे शून्यस्थान शोधण्यासाठी) इंडेक्स वापरणार आहे. एन्कोडर स्क्रूवर गेला की इंडेक्स दर ५ मिमीला एकदाच येईल, आणि स्विच सुटल्यानंतर साधारण अर्ध्या फेऱ्याने तो यावा अशा बेताने एन्कोडरचे अंग फिरवून बसवेन, म्हणजे स्विचच्या थोड्या चळण्याने होम एक फेरा इकडेतिकडे होणार नाही. स्पिंडलला जी३३.१ ने (स्पिंडलच्या फिरण्याशी फीड जुळवणाऱ्या आज्ञेने) टॅपिंग, म्हणजे छिद्रात आटे पाडणे, करण्यासाठी वेगळा एन्कोडर लागेल. त्याची पुली बरोबर १:१ ठेवणार आहे.

तेव्हा मुख्य विचारणा अशी : एक्स आणि वाय अक्षांवर एन्कोडर स्क्रूच्या टोकाला नेऊन झेड अक्षावर तो मोटरच्या मागेच ठेवणे शहाणपणाचे ठरेल का, की ब्रेक बसवून तिन्ही अक्ष एकसारखे करावेत? उत्तर देताना आपल्या मशीनचे बेल्टचे प्रमाण, टॅको ठेवला की काढला, आणि फेररची मर्यादा किती ठेवली, एवढे कळवल्यास मला तुलना करता येईल. कोणाला हवे असल्यास ऑसिलोस्कोपवरील आकृत्या, स्क्रूच्या टोकाची मापे आणि सध्याची आयएनआय (लिनक्ससीएनसीच्या सेटिंगची) फाइल मी येथेच देईन.