यादृच्छिक, स्वेच्छ की कुठलाही? आणि ‘अगणनीय’चं काय करायचं?

नारायणपेठी

एका शब्दावरून घरात दोन तट पडलेत. मुलगी मराठीत एम.ए. करते. तिच्या भाषाविज्ञानाच्या टिपणांत ‘भाषा ही यादृच्छिक ध्वनिसंकेतांची व्यवस्था’ असं लिहिलंय. भाचा दहावीला. त्याच्या संभाव्यतेच्या धड्यात नाणं फेकणं, फासा टाकणं हे ‘यादृच्छिक प्रयोग’. काल जेवताना त्याने विचारलं, "म्हणजे झाडाला झाड म्हणायचं हे छापा-काटा करून ठरलं का?" मुलगी म्हणाली, तसं नाही रे. मग कसं, ते तिला सांगता येईना. मलाही.

माझा स्वार्थ आणखी वेगळा. मी मुद्रितं तपासतो. सध्या हातात एक मजकूर आहे: संगणकाला मुळातच न जमणाऱ्या गोष्टी आणि गणितात नाणेफेकीचा उपयोग. त्यात एक वाक्य आहे, ‘ओमेगा ही निश्चित आणि यादृच्छिक संख्या आहे.’ दोन्ही एकदम? दुसरं तर वाचाच: ‘गणनीय संख्या गणनीय आहेत, त्यामुळे बहुतेक वास्तव संख्या अगणनीय असतात.’ लेखकाला फोन केला तर म्हणाले, बरोबर आहे, तसंच ठेवा.

डेक्कन कॉलेजवाली

काका, आधी व्युत्पत्ती, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. यदृच्छा म्हणजे ‘यत् + इच्छा’ नव्हे. तसं असतं तर संधी ‘यदिच्छा’ झाला असता. इथे ऋ आहे. ‘ऋच्छ्’ म्हणजे जाणं, येऊन गाठणं. जे आपसूक येऊन पडतं ती यदृच्छा. गीतेतला ‘यदृच्छालाभसंतुष्टः’ हा मनाला येईल ते मिळवणारा नाही, पदरात पडेल त्यात समाधान मानणारा आहे. श्वेताश्वतर उपनिषदात जगाचं कारण काय असावं याची यादी येते: काल, स्वभाव, नियति, यदृच्छा... नियती आणि यदृच्छा शेजारी शेजारी, दोन वेगळे उमेदवार म्हणून. तुमच्या भाच्याचा अर्थ तिथे आधीपासून बसलेला आहे.

पण संस्कृतातच या शब्दाला ‘स्वैर मर्जी’ हीही छटा होती, आणि भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या संकल्पनेसाठी मराठी-हिंदीत शब्द शोधताना ती उपयोगी पडली. तिथे म्हणणं एवढंच की ‘झाड’ या ध्वनीत झाडासारखं काही नाही. दुसरा ध्वनी असता तरी चाललं असतं. एकदा रूढ झाल्यावर मात्र तुम्हाला-मला तो बदलता येत नाही. नाणं कुणीच उडवलेलं नाही, आणि रोज सकाळी नव्याने तर मुळीच उडवत नाही.

(हे सगळं डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशात पाहा असं सांगणार होते. पण ते काम १९४८ पासून चालू आहे आणि छापील खंड अजून ‘अ’मध्येच आहेत. ‘य’ची वाट पाहू नका.)

एफसी रोड

एवढं कशाला? सरळ ‘रँडम’ लिहा. सगळ्यांना कळतं.

डेक्कन कॉलेजवाली

कळतं ना, पण काय कळतं? "एक रँडम माणूस येऊन पत्ता विचारून गेला" यात रँडम म्हणजे अनोळखी. "तो मीटिंगमध्ये काहीतरी रँडम बोलला" म्हणजे असंबद्ध. काकांकडे तीन अर्थ आहेत, तुम्ही दोन वाढवलेत.

संख्याताई

मी पुणे विद्यापीठात हुजूरबाजारांनी उभ्या केलेल्या संख्याशास्त्र विभागात शिकले, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. (आणि हो, ‘संख्याशास्त्र’च. ‘सांख्यिकी’ सरकारी कागदावर.)

खरा घोटाळा ‘कुठलाही’ या साध्या शब्दात आहे. भूमितीत ‘वर्तुळावर कुठलाही बिंदू घ्या’ म्हणतात, तेव्हा बिंदू तुमचा दुष्टातला दुष्ट प्रतिस्पर्धी निवडणार आहे असं धरायचं. त्याने कितीही वाकडा निवडला तरी सिद्धता टिकली पाहिजे. मी म्हणते ‘यादृच्छिक बिंदू घ्या’, तेव्हा निवड प्रतिस्पर्ध्याच्या हातातून काढून घेऊन चिठ्ठीवर सोपवलेली असते. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत. पहिल्यासाठी ‘स्वेच्छ’ किंवा नुसतं ‘कोणताही’ लिहा. सोस्यूरही त्याच बाजूला जातो, पण भाषाविज्ञानवाल्यांचा शब्द आता काढून घेता येणार नाही.

शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो. पण शीत कुठलं? रोज वरचंच उचललं तर तळाशी करपलेलं कधीच कळणार नाही. ज्याने भात लावलाय त्याला तुम्ही वरचं शीत उचलता हे माहीत असेल, तर तो वरचा थर तेवढा नीट शिजवेल. ढवळून, न बघता उचललं की त्याचा इलाज संपतो. गणितातला नाणेफेकीचा उपयोग बहुतांशी असाच आहे.

उदाहरण देते. एखादी प्रचंड संख्या मूळ आहे की संयुक्त हे तपासायची मिलर आणि राबिन यांची कसोटी आहे. त्यात एक पाया निवडून त्याचे काही घात काढायचे. संख्या संयुक्त असेल तर बहुतेक पाये ते उघडं पाडतात. पण तुम्ही दर वेळी पाया २ च घ्यायचा ठरवलात, तर २०४७ तुम्हाला हातोहात फसवेल. ती २३ × ८९ आहे, तरी २ च्या कसोटीत मूळ म्हणून पास होते. ३ घेतला की लगेच पकडली जाते. आणि पाये ठरावीक असले की त्या सगळ्यांना चुकवणारी संख्या मुद्दाम घडवता येते. पाया यादृच्छिक घेतला तर संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता एका वेळी फार तर ¼. दहा वेळा नव्याने पाया निवडलात तर दहा लाखांत एकाहून कमी. इथे नशीब संख्येचं नाही, आपल्या निवडीचं आहे. हा फरक मजकुरात सुटला असेल तर लेखकाला पुन्हा फोन करा.

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी नाणं अजिबात न उडवता, तरीही आटोपशीर वेळात हा निकाल लावणारी रीत शोधली. सिद्धांत म्हणून ती फार मोठी गोष्ट. व्यवहारात मात्र अजून नाणेवाली रीतच वापरतात, कारण ती वेगवान आहे.

‘ईश्वरचिठ्ठी’ हा शब्द मला फार आवडतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोघांना सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला. अर्थ असा की ज्याच्यावर पक्षपाताचा आळ घेता येणार नाही अशाने निवडलं. ‘सोडत’ त्याच घरातली.

एफसी रोड

पण म्हाडाची सोडत हल्ली ‘संगणकीय’ असते. संगणक नियमाने चालतो. मग ईश्वर कुठून आला त्यात?

संख्याताई

हा प्रश्न चांगला विचारलात. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्येच लिहून ठेवलंय की अंकगणिती रीतीने यादृच्छिक अंक काढू पाहणारा पापाच्या अवस्थेत असतो. स्वतः मात्र ते पाप त्यांनी केलं होतं. त्यांची रीत अशी: चार अंकी संख्येचा वर्ग करा, मधले चार अंक उचला, पुन्हा तेच. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, मधले ५२२७. त्याचा वर्ग २७३२१५२९, मधले ३२१५. दिसायला छान पिसलेले पत्ते. पण २५०० घेऊन बघा: वर्ग ०६२५००००, मधले पुन्हा २५००. गाडी कायमची तिथेच. म्हणून अशा अंकांना छद्म-यादृच्छिक म्हणायचं. खोटे नव्हेत, सोंग घेतलेले. खरी चिठ्ठी हवी असेल तर ती संगणकाच्या नियमाबाहेरून आणावी लागते, विद्युत मंडलातल्या खरखरीतून वगैरे.

पत्ते पिसणं म्हटल्यावर आठवलं. १९४६ मध्ये आजारातून उठताना गणितज्ञ उलाम एकट्याने पत्ते खेळत बसायचे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे हिशोबाने काढता येईना. मग त्यांना वाटलं, शंभर डाव मांडून किती सुटतात ते सरळ मोजावं. यादृच्छिक प्रयोग पुन्हा पुन्हा करून उत्तराचा अंदाज घेणाऱ्या माँटे कार्लो पद्धतीचा उगम तो. रिकामटेकडेपणाला नावं ठेवू नयेत.

निवृत्त मास्तर

आता अडलेल्या वाक्यांकडे. ‘गणना’ या शब्दावर आपण दोन ओझी टाकली आहेत. जनगणनेत गणना म्हणजे मोजणं. संगणकात गणना म्हणजे हिशोब करत जाणं. लेखकाचं वाक्य दोन्ही अर्थ मिसळून एकाच श्वासात बोलतं. त्यांना म्हणायचंय ते असं: ज्या संख्येचे अंक संगणकाचा एखादा कार्यक्रम एकेक करून काढून देऊ शकतो ती संगणनीय. कार्यक्रम म्हणजे अक्षरांची मर्यादित रांग, म्हणून सगळे कार्यक्रम एका यादीत पहिला, दुसरा, तिसरा असे मांडता येतात. वास्तव संख्या अशा मांडता येत नाहीत, हे कँटरने दाखवलं. सबब बहुतेक वास्तव संख्यांसाठी कुठलाच कार्यक्रम नाही. ‘संगणनीय’ आणि ‘मोजण्याजोगा’ असे दोन शब्द वेगळे ठेवा, वाक्य आपोआप शहाणं होईल.

जोडीला ‘अनिर्णित’ आणि ‘अनिर्णेय’ तपासा. मजकुरात नक्की गल्लत असणार. क्रिकेटचा सामना अनिर्णित राहतो, अनिर्णेय नसतो. दोनापेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का, हा गोल्डबाखचा प्रश्न १७४२ पासून अनिर्णित आहे. शिवाजीनगर कोर्टाच्या भाषेत प्रलंबित. ट्यूरिंगने १९३६ मध्ये दाखवलं ते निराळं. कुठलाही कार्यक्रम दिला (हा ‘कुठलाही’ ताईंच्या प्रतिस्पर्ध्याचा!) तर तो कधी थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही. ही समस्या अनिर्णेय. एकट्यादुकट्या कार्यक्रमाबद्दल उत्तर मिळू शकतं. सगळ्यांना पुरणारी रीत मिळत नाही. लेखकाने ‘अमुक कार्यक्रम अनिर्णेय आहे’ असं कुठे लिहिलं असेल तर लाल शाई वापरा.

राहिला ओमेगा. समजा कार्यक्रमाचं एकेक चिन्ह नाणं उडवून लिहिलं. असा कार्यक्रम शेवटी थांबण्याची जी संभाव्यता, ती ओमेगा. चायटिनने १९७५ मध्ये मांडलेली. नाणं आलं ते व्याख्येत. संख्या स्वतः ठाम आहे, शून्य आणि एकच्या मधली, उद्या बदलणार नाही. पण तिचे सुरुवातीचे अंक हाती आले तर तेवढ्या लांबीच्या सगळ्या कार्यक्रमांचा थांबण्याचा निकाल लागेल, म्हणून ते काढून देणारी रीत नाही. तिला यादृच्छिक म्हणतात ते तिसऱ्या अर्थाने: तिचे हजार अंक कळवायचे तर जवळपास हजार अंकच कळवावे लागतात, आखूड करून सांगायची सोय नाही. पायचे (π) अंक दिसायला तितकेच विस्कटलेले, पण ते काढायचा कार्यक्रम पोस्टकार्डावर मावतो. म्हणजे या अर्थाने पाय यादृच्छिक नाही.

आणि गंमत इथे आहे. एखादी लांब रांग खरंच आखूड होत नाही, असं प्रमाणपत्र देणारा कार्यक्रमही असू शकत नाही. ‘दहा शब्दांत न सांगता येणारी सर्वांत लहान संख्या’ हे मोजून पाहा, आठ शब्द आहेत; म्हणजे ती दहाच्या आतच सांगून झाली. त्याच खाचेत तो कार्यक्रम अडकतो. बहुतेक रांगा यादृच्छिक असतात हे सिद्ध करता येतं. समोर ठेवलेली एखादी लांब रांग तशी आहे, हे मात्र सिद्ध करता येत नाही.

डेक्कन कॉलेजवाली

मास्तर, याला आपल्याकडे जुना न्याय आहे. घुणाक्षरन्याय! किड्याने लाकूड कुरतडताना अक्षर उमटलं, पण किड्याला लिहायचं नव्हतं. तुमचा प्रश्न त्याचा उलटा दिसतोय: रेघोट्या दिसल्या, पण त्यात अक्षर नाहीच हे कसं सांगायचं?

निवृत्त मास्तर

अगदी. अक्षर सापडलं तर दाखवता येतं. नाही म्हणून छातीठोक सांगता येत नाही.

संख्याताई

मग तिसऱ्या अर्थाला ‘असंक्षेप्य’ म्हणा. पहिल्यांदा येईल तिथे ‘असंक्षेप्य, म्हणजे या अर्थाने यादृच्छिक’ अशी एक ओळ द्या, पुढे नुसतं असंक्षेप्य.

नारायणपेठी

फोन झाला. ‘संगणनीय संख्यांची यादी करता येते, वास्तव संख्यांची येत नाही, म्हणून बहुतेक वास्तव संख्या असंगणनीय’ हे मान्य. ‘अनिर्णित’च्या चार जागा निघाल्या, तीन बदलल्या. ‘असंक्षेप्य’ला लेखक कुरकुरले, पण पहिल्या ओळीत चालेल म्हणाले. मास्तर, तुमचं ‘कार्यक्रम’ मात्र त्यांना नको. ‘वाचकाला नाट्यगृहाची जाहिरात वाटेल, प्रोग्रॅमच ठेवा.’ ठेवला.

भाच्याला नाणं आणि झाड समजावलं. तो म्हणतो, मग एकाला यादृच्छिक म्हणायचं आणि दुसऱ्यालाही, हे कुणी ठरवलं? मुलगी म्हणाली, हेच ते, यादृच्छिक. भांडण पुन्हा सुरू आहे.

एक शेवटचं: ‘छद्म-यादृच्छिक’ ओळीच्या टोकाला येतोय. तोडू कुठे?

निवृत्त मास्तर

‘छद्म-’नंतर. ‘यादृ’ वर आणि ‘च्छिक’ खाली केलंत तर खबरदार.