बोटीने सुट्टीला निघताना: तुमचे अनुभव लिहा

सागरगोटी:
परवा आईला आणि मावशीला बॅलार्ड पिअरला सोडून आले. दोघी पहिल्यांदाच क्रूझवर निघाल्या, दोन रात्रींसाठी. बॅगा दारातच चिठ्ठ्या बांधून ताब्यात घेतल्या, आधार कार्डं बघितली, आणि पुढे फक्त प्रवाशांनीच जायचं होतं. काचेच्या दाराशी आई थबकली, मागे वळली आणि म्हणाली, "अगो, पडाव कुठून सुटतो ते विचारलंस का?"

मला काही बोलताच येईना. पडाव म्हणजे मोठ्या बोटीपासून किनाऱ्यापर्यंत माणसं नेणारी होडी. आईच्या डोक्यात बोट म्हणजे अजून तीच, आमची भाऊच्या धक्क्यावरची. मे महिना लागला की आम्ही वेंगुर्ल्याला जायचो. कोकण रेल्वे सगळी सुरू झाली ती 26 जानेवारी 1998 ला. त्याआधी आमच्यासाठी एसटी नाहीतर बोट, आणि मुलांना विचाराल तर बोटच. सकाळी दहाला सुटायची. मामा आदल्या रात्रीच धक्क्यावर जाऊन झोपायचा, कारण डेकवर जागा धरायला कोणीतरी पुढे हवंच. आम्ही पहाटे डॉकयार्ड रोडला उतरून चालत निघायचो. पत्र्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर, वळकटी बाबांच्या खांद्यावर, पाण्याचा फिरकीचा तांब्या माझ्या हातात. तो सांडायचा नाही एवढंच माझं काम, आणि मी ते जिवापाड करायचे.

एकदा चादर अंथरली की ते आमचं घर. शेजारच्या चादरीवर कोण आहे, कुठल्या गावचे, कोणाकडचे, हे भोंगा व्हायच्या आत आईला ठाऊक झालेलं असायचं. मग दोर सुटायचे, आणि धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसायला लागायची. हातभर, मग पुरुषभर. ती रुंदावत जाणारी पट्टी मी अजून स्वप्नात बघते.

तुमच्याही आठवणी लिहा ना. जुनी बोट, नवी क्रूझ, काहीही चालेल. बंदरापर्यंत पोचणं आणि निघणं, एवढं मात्र लिहाच.

फणसगरा:
पडाव!! किती वर्षांनी ऐकला शब्द.
आमचं देवगड. बोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची, काळोखात कंदील हलवत पडाव यायचे. बोटीच्या दारात उभं राहायचं, खाली पडाव लाटेबरोबर वर येतोय, खाली जातोय. खलाशी लाट बघत थांबायचा आणि बरोबर वेळेला ओरडायचा, "आता!" माझ्या आजीला तर त्याने सरळ उचलूनच घेतलं होतं. "घाबरां नको गो आये" म्हणाला. आजी पुढे दरवर्षी त्याच्यासाठी लाडू न्यायची. नाव कधी विचारलं नाही, पण माणूस अंधारातही ओळखायची.

जाई_जुई:
वाचूनच पोटात डुचमळलं. मला बोट लागायची. आई आलेपाकाच्या वड्या पदराला बांधून आणायची. खालच्या डेकवर इंजिनाचा वास, त्यात कोणीतरी सुकी मासळी आणलेली. नको ती आठवण 😀

कोरा_कागद:
आमच्या घरात बोटीचं नाव काढायचं नाही असा नियम होता. आजीचे दोन्ही भाऊ रामदास बोटीवर होते. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, गावाकडे घरी जाणाऱ्यांनी बोट भरली होती. आजी शेवटपर्यंत अलिबागला जायचं तर पनवेलवरून वळसा घालूनच गेली. मी 2021 ला पहिल्यांदा मांडव्याच्या रो-रोने गेलो, गाडी खाली लावली आणि तासाभरात पलीकडे. अर्ध्या वाटेत हात जोडले. बायकोला कारण सांगितलं तेव्हा तीही उठून उभी राहिली.

सागरगोटी:
कोरा_कागद, काय लिहू. लिहिलंत ते बरं केलंत.

जाई_जुई:
🙏

दुपारची_झोप:
माझा अनुभव एकदम नवा आहे, चालेल ना? 2022 डिसेंबर, मुंबईहून क्रूझ, आम्ही चौघं आणि नणंदेचं कुटुंब. शिकलेले धडे सांगते, कोणाला तरी उपयोग होईल.
इस्त्री आणि किटली नेऊ नका, तपासणीत काढून ठेवतात, आगीच्या भीतीने. मोठी बॅग एकदा दिली की ती खोलीच्या दाराशी यायला चार-पाच तासही लागतात, म्हणून औषधं, चष्मा, लहान मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत. आमच्या पोराचा पोहायचा चड्डी-बनियन सगळा मोठ्या बॅगेत, आणि वर निळाशार तलाव समोर! संध्याकाळपर्यंत रडला.
आणि सुटायच्या आधीची कवायत टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. 2012 ला इटलीजवळ ते मोठं जहाज खडकावर आपटून कलंडलं, त्यातल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले, आता निघायच्या आधी किंवा निघाल्यावर लगेच घ्यावीच लागते. लोक तिथे सेल्फी काढत होते, मला राग आला.

मधला_वार:
@दुपारची_झोप आम्ही पुढच्या महिन्यात जातोय, सासूबाई व्हीलचेअरवर. किती आधी पोचावं?

दुपारची_झोप:
तिकिटावर वेळ दिलेली असते, त्याच वेळेत जा. आम्ही फार आधी जाऊन उन्हात ताटकळलो. व्हीलचेअरचं मात्र आत्ताच कळवून ठेवा, आयत्या वेळी धावपळ होते. खोली लिफ्टजवळची मागा.

जाई_जुई:
आणि जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावरची. तिथे हेलकावे सगळ्यात कमी. मळमळलं तर खोलीत पडून राहू देऊ नका, वर आणून क्षितिजाकडे बघायला सांगा. कानाला हलल्याचं कळतं आणि डोळ्याला खोली स्थिर दिसते, त्या भांडणातूनच मळमळतं. गोळी डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी.

मधला_वार:
खूप आभार. खालचा मजला लिहून ठेवलं.

पापलेट_प्रेमी:
भाऊचा धक्का म्हटलं की मला पहाटेची मासळीच आठवते. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकात त्यांनी धक्का बांधला म्हणून हे नाव. अजून पाच वाजता गेलात तर टोपल्यांच्या राशी. गमबूट घालून जा.

फणसगरा:
पाच म्हणजे उशीर झाला. चारला.

पापलेट_प्रेमी:
तुम्ही देवगडवाले, तुमच्याशी कोण वाद घालणार 😀

रातराणी_७:
पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका पोटात घाला. आमची गोष्ट बोट चुकल्याची. म्हणजे आमची नाही, बाबांची. आई, मी आणि दोन भाऊ डेकवर बसलेलो. धाकट्याला तहान लागली म्हणून बाबा पाणी आणायला खाली उतरले, आणि फळी काढली. बाबा धक्क्यावर, हातात भरलेला तांब्या. आई काही ओरडली नाही. कठड्याला धरून उभी राहिली ती खांदेरीचं बेट मागे पडेपर्यंत उभीच. पैसे बाबांच्या खिशात, तिकिटं आईकडे. शेजारच्या चादरीवरच्या काकूंनी आम्हा तिघांना भाकरी-चटणी दिली, रात्री आपली गोधडी दिली, आणि मालवणला पडावाचे पैसेही त्यांनीच भरले. बाबा एसटीने दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. हातात तोच तांब्या होता. आई त्यांना बघून पहिल्यांदा रडली. त्या काकू कोण, कुठल्या, पुढे कधीच कळलं नाही. हे कोणी त्यांच्या घरचं वाचत असेल तर सांगा हो, आम्ही विसरलो नाही.

जाई_जुई:
रातराणी 😢 पोळी करपली असेल माझी, पण वाचून काढलं.

वाळूतला_खेकडा:
खांदेरीचं नाव निघालंच आहे तर. 2018 ला आंग्रिया क्रूझ सुरू झाली तेव्हा मुद्दाम गेलो होतो, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची म्हणून. मुंबई सोडल्यावर डावीकडे खांदेरी दिसला आणि मी मुलीला गोष्ट सांगायला सुरुवात केली: 1679, महाराजांनी भर पावसाळ्यात बेटावर बांधकाम काढलं, इंग्रज अडवायला आले. सांगता सांगता आजूबाजूची सात-आठ मुलं जमली. मागच्या वर्षी 2025 च्या जुलैत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे सगळे युनेस्कोच्या यादीत गेले. हे किल्ले समुद्रावरूनच बघावेत, जमिनीवरून त्यांचा दरारा कळत नाही.

शिडाचा_दोर:
सगळे निघण्याच्या आनंदाचं लिहितायत. माझे बाबा जहाजावर खलाशी होते, मालवाहू. आमच्यासाठी बंदर म्हणजे बाबा जाणार. नऊ-दहा महिने. आई पोहोचवायला यायची नाही, दारातच हातावर दही घालायची आणि आत वळायची. मी जायचो आजोबांबरोबर. गेटच्या आत सोडत नसत. बाबा एकदाच वळून हात करायचे, दुसऱ्यांदा नाही. आता मुलाबाळांना घेऊन क्रूझवर गेलो तेव्हा बाबाही बरोबर होते. सगळे मजा करत होते आणि ते डेकवर दोर बांधायच्या खुंटांना हात लावून बघत होते. "रंग चांगला राखलाय" एवढंच म्हणाले. तिथल्या खलाशी पोरांशी बोलत बसले अर्धा तास, घरचे कसे आहेत, सुट्टी कधी, फोन लागतो का.

फणसगरा:
बाबांना नमस्कार सांगा. त्यांच्यासारख्यांच्या जिवावर आम्ही उतरलो पडावात.

शिडाचा_दोर:
सांगतो. वाचून दाखवतोच.

नुसतं_वाचतो:
वळकटीला आमच्याकडे होल्डॉल म्हणायचे. दोन्ही एकच का?

पापलेट_प्रेमी:
होल्डॉल म्हणजे पट्ट्यांचा, कॅनव्हासचा. वळकटी म्हणजे सतरंजीत गादी गुंडाळून सुतळीने बांधलेली.

रातराणी_७:
आमच्याकडे वळकटीत आतून पैसेही ठेवायचे. त्या दिवशी नेमके नव्हते.

सागरगोटी:
सगळं वाचतेय, एकेकाला उत्तर देते. आत्ताच आईचा फोन येतोय, रेंज आली म्हणजे किनारा जवळ आला असणार. घ्यायला निघते.

जाई_जुई:
आधी तिच्याशी बोल. आणि पडाव मिळाला का विचार 😀