मदत हवी आहे: कवटीतली हाडं मोजली की दरवेळी १७ च येतात, आणि कपाळावर एक जास्तीची रेघ

हाडकुळी:
नमस्कार मंडळी. पहिल्या वर्षाला आहे, सोमवारी स्कलचा (कवटीचा) व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा आहे आणि मला आता खरंच रडू येतंय. हातापायाची हाडं कशीतरी झाली, तिथे निदान एक हाड हातात घेतलं की ते एकच हाड असतं, इथे सगळी एकमेकांत घुसून बसलीत आणि कुठलं कुठे संपतं तेच कळत नाही. पुस्तकात २२ लिहिलंय, सीनियरच्या नोट्समध्ये २८, एका व्हिडिओत २९ आणि मी स्वतः खडूने खुणा करून मोजली तर १७. तीनदा मोजली, १७ च.

दुसरं म्हणजे आम्हाला वापरायला दिलेल्या कवटीच्या कपाळावर बरोब्बर मधोमध एक उभी रेघ आहे, नाकाच्या मुळापासून थेट वर टाळूपर्यंत. रूममेट म्हणते की याला नक्की कोणीतरी डोक्यात काहीतरी घातलं असणार, फ्रॅक्चर आहे. मला नाही पटत, पण पुस्तकातल्या चित्रात अशी रेघ नाहीये हेही खरं.

आणि स्फेनॉइड. हे हाड मला बाजूने दिसतं, डोळ्याच्या खोबणीत दिसतं, आतून दिसतं, खालून दिसतं, आणि ऑक्सिपिटलला, म्हणजे डोक्याच्या मागच्या हाडाला, ते कुठे चिकटतं ती सीमारेषा मात्र शोधून शोधून सापडत नाही. त्यातलं फोरामेन रोटंडम नावाचं भोक पण सापडत नाही, खालून ओव्हेल दिसतं, स्पायनोसम दिसतं, रोटंडम गायब. कवटीच खराब आहे का माझीच खराब आहे? कृपया कोणीतरी सांगा.

जुनं_खोड:
आधी पाणी पी. कवटी चांगली आहे, उलट नशीबवान आहेस अशी मिळाली म्हणून.

आकडे तिन्ही बरोबर आहेत, फक्त मोजणारे वेगवेगळं मोजतात. मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४ मिळून २२. त्यात दोन्ही कानांतली इवलीशी ३-३ हाडं धरली की २८. आणि गळ्यातलं हायॉइड, जे कवटीला हाडाने कुठेच जोडलेलं नाही, तेही कोणी धरलं तर २९. व्हायव्हाला २२ म्हण आणि कुठली ते सांगता येऊ दे.

८ मध्ये फ्रंटल (कपाळाचं), ऑक्सिपिटल, स्फेनॉइड, एथमॉइड (नाकाच्या वरचं) एकेक, पराएटल (डोक्याच्या वरच्या बाजूची) आणि टेम्पोरल (कानाजवळची) दोन-दोन. चेहऱ्यात एकेकटी फक्त दोनच, खालचा जबडा आणि व्होमर, बाकी सहा जोड्या. तुझी १७ आली म्हणजे माझा अंदाज असा की दोन पॅलेटाइन, दोन लॅक्रिमल आणि व्होमर गळाले. सगळ्यांचे हेच गळतात, आमचेही गळले होते.

हाडकुळी:
अय्या हो!! हीच पाच. धन्यवाद दादा, तुम्ही कवटी न बघता कसं ओळखलंत? नाकातली गुंडाळीसारखी दोन होती ती मात्र मी मोजली होती, इन्फिरिअर कॉन्का म्हणून.

जुनं_खोड:
ती गुंडाळी दिसतेय तिच्या खाली अजून एक आहे का बघ बरं, नाकाच्या तळाच्या जवळ.

हाडकुळी:
नाही. खाली नुसती कडेला खरखरीत रेघ आहे, काहीतरी मोडल्यासारखी.

जुनं_खोड:
मग तू मोजलीस ती मिडल कॉन्का. वरची आणि मधली या एथमॉइडच्याच फांद्या, त्यांना वेगळं हाड म्हणायचं नाही. खालची तेवढी स्वतंत्र. वापरून वापरून जुन्या कवट्यांमध्ये ती मोडून पडलेली असते. म्हणजे तुझा १७ चा आकडाही चुकून जुळला, खरी १५ च सापडली होती. (हसू नकोस, परीक्षकही इथेच पकडतात.)

पॅलेटाइनसाठी कवटी उलटी कर. टाळ्याच्या हाडावर एक फुली दिसेल. फुलीची आडवी रेघ आहे तिच्या पुढचा मोठा भाग मॅक्झिला (वरचा जबडा), मागची अरुंद पट्टी म्हणजे पॅलेटाइन. पण ते हाड तेवढंच नाही, इंग्रजी एल अक्षरासारखं आहे, त्याची उभी बाजू नाकाच्या भिंतीतून वर चढते आणि टोकाचा एक तुकडा थेट डोळ्याच्या खोबणीत पोचतो. म्हणून ऑर्बिटची हाडं विचारली की ७ म्हणायची, लोक ६ वर थांबतात. लॅक्रिमल त्याच खोबणीत नाकाकडच्या कडेला, नखाएवढं. आणि व्होमर हा नाकाच्या पडद्याचा मागचा-खालचा भाग, लॅटिनमध्ये व्होमर म्हणजे नांगराचा फाळ, एकदा मागून बघितलंस की पुन्हा विसरणार नाहीस.

मणकेबुवा:
कपाळावरच्या रेघेचं मी सांगतो. ते फ्रॅक्चर नाही, मेटोपिक सूचर (हाडांमधली शिवण) आहे. जन्मताना फ्रंटल हाड दोन अर्ध्यांत असतं, मधली शिवण लहानपणीच बुजून जाते, काही थोड्या लोकांत ती आयुष्यभर राहते. त्याने त्या माणसाचं काही बिघडत नाही. रूममेटला म्हणावं भिंग घेऊन बघ. शिवण नागमोडी असते, एकमेकांत दाते अडकल्यासारखी, आणि इथे ती बरोबर मध्यावरून नाकापासून ब्रेग्मापर्यंत, म्हणजे डोक्यावरच्या टाळूच्या जागेपर्यंत जाते. फ्रॅक्चरची रेघ बहुतेक वेळा सरळसोट, कडा धारदार, आणि ती मध्यरेषा वगैरे मानत नाही, वाटेल तिथून जाते. एक्स-रे वाचताना नवीन माणूस याच रेघेला फसतो त्यामुळे आत्ताच बघून ठेवलीस ते बरंच झालं.

मागच्या बाजूला लॅम्ब्डॉइड सूचरमध्ये छोटे छोटे बेटासारखे तुकडे दिसले तर तीही तुटफूट समजू नको, वर्मियन बोन्स म्हणतात त्यांना, ती २२ मध्ये धरायची नाहीत.

नवी_आई:
मी मेडिकलची नाही, मध्येच घुसते त्याबद्दल सॉरी. ही जी शिवण म्हणताय तिचा आणि बाळाच्या टाळूचा काही संबंध असतो का? माझं बाळ ५ महिन्यांचं आहे, टाळू उडताना दिसते आणि मला हात लावायची भीती वाटते.

मणकेबुवा:
संबंध अगदी थेट आहे ताई. कपाळाचे दोन अर्धे आणि मागची दोन पराएटल अशा चार हाडांचे कोपरे जिथे भेटायचे असतात तिथे बाळामध्ये हाडाऐवजी जाड पडदा असतो, ती पुढची टाळू, पतंगाच्या आकाराची. ती साधारण दीड वर्षाच्या आसपास भरते, काहींची थोडी आधी काहींची थोडी नंतर. मागे एक छोटी त्रिकोणी असते ती दोन-तीन महिन्यांतच बुजते. उडताना दिसणं म्हणजे खालच्या रक्तवाहिन्यांचा ठोका, ते नॉर्मल. हलक्या हाताने न्हाऊ घातलं तर काही होत नाही, पडदा चांगला चिवट असतो. पण टाळू खोल गेलेली दिसली किंवा बाळ शांत असतानाही फुगून घट्ट लागली तर इथे विचारत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

जुनं_खोड:
आता स्फेनॉइड. हे हाड यादी पाठ करून येत नाही, मी दोन महिने वाया घालवलेत. ते कवटीच्या मधोमध पंख पसरून बसलेलं वटवाघूळ आहे असं धर, मराठी नावही तेच सांगतं, जतुकास्थी, जतुका म्हणजे वटवाघूळ. मधे धड, धडावर खोगिरासारखा खळगा, त्यात पिट्युटरी ग्रंथी. धडापासून वर दोन छोटे पंख, बाजूला दोन मोठे पंख, आणि खाली लोंबणारे दोन पाय. मोठ्या पंखाचं टोक बाहेर कानशिलावर दिसतं, त्याच पंखाची पुढची बाजू डोळ्याच्या खोबणीची मागची-बाहेरची भिंत होते, आणि पाय म्हणजे टेरिगॉइड प्लेट्स, वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे. तू पाच ठिकाणी पाच हाडं बघत नव्हतीस, एकाच प्राण्याचे अवयव बघत होतीस.

ऑक्सिपिटलशी सीमारेषा तुला सापडणारच नाही, कारण मोठ्या माणसात ती नसतेच. वाढीच्या वयात तिथे कूर्चा असते, नंतर हाड होऊन दोन्ही एकजीव होतात.

रोटंडम सापडत नाही कारण तू खालून बघतेस. ओव्हेल, स्पायनोसम खाली उघडतात, रोटंडमचं तोंड पुढे आहे. टोपी काढून आतून बघ, मोठ्या पंखात पुढून मागे रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम. आमच्या वेळचं सूत्र होतं "रोज ओरडतात सर". पहिल्यातून मॅक्झिलरी नर्व्ह, दुसऱ्यातून मँडिब्युलर, तिसऱ्यातून मिडल मेनिंजिअल आर्टरी. आणि जवळच ते वेडंवाकडं भोक, लॅसेरम आहे, ते खालच्या बाजूने जिवंतपणी कूर्चेने बंद असतं. कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी धमनी) त्यातून आरपार जात नाही, त्याच्या वरून जाते, हा प्रश्न शंभर टक्के येतो.

चिकणमाती:
मी शिल्पं करतो, डॉक्टर नाही, पण एक सांगू का, कवटी टेबलावर ठेवून जेवढी कळते त्यापेक्षा स्वतःच्या तोंडावर जास्त कळते. कानशिलावर बोटं ठेव आणि दात आवळ. जे फुगतं तो चावायचा स्नायू, तो गालाच्या हाडाच्या कमानीखालून आत उतरून खालच्या जबड्याला धरतो, म्हणून तर ती कमान कवटीपासून सुटी उभी असते, मध्ये जागा हवी ना. आम्ही नवशिके असताना कमान आत दाबून टाकायचो आणि चेहरा उशीसारखा व्हायचा. आता कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघड-मीट कर, सरकतंय ते जबड्याचं डोकं. २२ मध्ये मोकळेपणी हलणारं तेवढं एकच हाड.

मणकेबुवा:
वा, झकास सांगितलंत. आणि तो स्नायू जिथे फुगतो ना, त्याच्या खालीच टेरिऑन आहे. फ्रंटल, पराएटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइडचा मोठा पंख, चौघांची इंग्रजी एच सारखी जोडणी, कमानीच्या मध्यापासून साधारण ४ सेंटीमीटर वर. हाड तिथे पातळ, आणि आतून त्याला लागून मिडल मेनिंजिअल आर्टरीची पुढची फांदी. कवटीच्या टोपीच्या आत झाडाच्या फांद्यांसारखे चर दिसतील ते तिचेच. कानशिलावर मार बसून ती फाटली तर माणूस आधी भानावर असतो, बोलतो, "काही झालं नाही" म्हणतो आणि काही तासांत बेशुद्ध पडतो, कारण हाड आणि ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) यांच्यामध्ये रक्त साठत जातं. स्पायनोसम पाठ करायचं ते याच्यासाठी.

हाडकुळी, एक शेवटचं. व्हायव्हाला कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नकोस, आतली भिंत कागदासारखी असते, मोडते, आणि सरांचा पारा चढतो तो वेगळाच. दोन्ही तळव्यांवर घे. पहिलं वाक्य विचारतील पोझिशनचं: खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत, फ्रँकफर्ट प्लेन. तशी धर आणि मग बोलायला लाग.

हाडकुळी:
काल रात्री परत मोजली, २० आली, मोडलेल्या दोन कॉन्का धरून २२!!! रूममेटला भिंगातून दाते दाखवले, आता ती म्हणते मी आधीच म्हटलं होतं. सोमवारी संध्याकाळी येऊन सांगते.

हाडकुळी:
झाला व्हायव्हा. तीच कवटी समोर आली. नीट दोन तळव्यांवर घेतली, फ्रँकफर्ट सांगितलं, सर म्हणाले हाडं किती, मी म्हटलं २२ पण सर हिच्यात २० च आहेत, खालच्या कॉन्का मोडल्यात. त्यांनी कवटी हातात घेऊन टॉर्चने बघितलं आणि म्हणाले अरे खरंच की. मेटोपिक विचारलं, लॅसेरम पण विचारलं (जुनं_खोड दादा 🙏). मग हातात काडी देऊन म्हणाले आतून रोटंडममधून घाल, मी आत्मविश्वासाने घातली आणि ती ओव्हेलमधून खाली बाहेर आली. "हे ओरडणारे सर आले" असं मनात म्हटलं, पण ओरडले नाहीत, नुसतं पुढे बघ म्हणाले.