स्टोरेजचे मार्ग कोणी सांभाळायचे: बाँडिंगने की मल्टिपाथने?

दुहेरी_स्विच (धागाकर्ता)

स्टोरेजकडे जाणाऱ्या अनेक केबली दोन प्रकारे सांभाळता येतात: बाँडिंग, म्हणजे अनेक नेटवर्क कार्डं एकच असल्यासारखी बांधणं, किंवा मल्टिपाथ, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे वेगळे मार्ग (पाथ) होस्टनेच ओळखून वापरणं. आराखडा असा धरू: दोन कंट्रोलरांचा एक स्टोरेज सर्व्हर, प्रत्येक कंट्रोलरवर १० गिगाबिटचे दोन पोर्ट, दोन वेगळे स्विच आणि आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क देणारा प्रोटोकॉल) लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) वापरणारे सहा होस्ट. अशा ठिकाणी एक सूचना हमखास येते: होस्टची दोन्ही कार्डं एलएसीपीने (स्विचशी बोलून बाँड जुळवणारा प्रोटोकॉल) बांधा, स्टोरेजकडेही तसाच बाँड करा, एकच आयपी द्या, काम झालं. ब्लॉक स्टोरेजसाठी (म्हणजे अशा लनसाठी) ही सूचना चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी वेगाचं बघू. एलएसीपी पॅकेटं वाटत नाही, प्रवाह वाटतो. एका टीसीपी कनेक्शनच्या सगळ्या फ्रेम हॅश (पत्त्यांवरून केबल ठरवणारा हिशोब) सांगेल त्याच केबलवरून जातात. होस्टचं सेशन एकच असेल तर २० गिगाबिटच्या बाँडमधून हाती १०च येतात. लिनक्स बाँडिंगचं मूळ हॅश धोरण तर लेयर-२, म्हणजे मॅक पत्त्यांवर चालणारं. एक होस्ट आणि एक स्टोरेज यांच्यात दुसरी केबल कायम रिकामी राहते.

पण वेगापेक्षा मोठा मुद्दा दुसराच आहे. बाँडला केबल दिसते, डिस्क दिसत नाही. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अडकलं आणि पोर्टचा दिवा हिरवाच राहिला, तर बाँडच्या लेखी सगळं आलबेल असतं. मल्टिपाथचा टीयूआर चेकर मात्र ठरावीक अंतराने थेट लनलाच विचारतो, की तयार आहेस का. शिवाय एक बाँड दोन कंट्रोलरांवर पसरत नाही. दोन स्विचवर पसरवायचा तर स्टॅक किंवा एमलॅग (दोन स्विच एकच असल्यासारखे वागवण्याची सोय) लागतं, आणि मग मुद्दाम वेगळे घेतलेले दोन स्विच एकाच सॉफ्टवेअरच्या चुकीने एकदम बसू शकतात.

म्हणून: पहिलं कार्ड स्विच अ वर एका सबनेटमध्ये, दुसरं स्विच ब वर वेगळ्या सबनेटमध्ये, प्रत्येक कंट्रोलरचा एकेक पोर्ट दोन्हीकडे. स्टोरेजसाठी हे स्विच एकमेकांना जोडायची गरजच नाही. प्रत्येक होस्टला चार पाथ मिळतात आणि ते मल्टिपाथ सांभाळतो.

सरळवाट

असहमत. तुम्ही नीट लावलेल्या मल्टिपाथची तुलना वाईट लावलेल्या बाँडशी करताय. हॅश लेयर-३+४ केला की पोर्ट क्रमांकही हिशोबात येतात, आणि एकाच पोर्टलकडे (स्टोरेजचा आयपी आणि पोर्ट) चार सेशन उघडली तर ती दोन्ही केबलींवर पडण्याची बरीच शक्यता असते. एलएसीपीचा रेट 'स्लो' ठेवला तर मेलेला जोडीदार कळायला ९० सेकंद लागतात, 'फास्ट' केला तर ३.

आता मल्टिपाथ प्रत्यक्षात कसा सापडतो ते बघा. ओपन-आयस्कझी या लिनक्सच्या सॉफ्टवेअरचा रिप्लेसमेंट टाइमआउट, म्हणजे तुटलेलं सेशन परत येण्याची वाट बघण्याची मुदत, मुळात १२० सेकंद. नूप-आउट (जिवंत आहेस का, ही विचारणा) दर ५ सेकंदांनी जातो, उत्तराची वाट आणखी ५ सेकंद. म्हणजे केबल निघाली की साधारण १० सेकंदांनी कनेक्शन तुटल्याचं कळतं, आणि पुढची १२० सेकंद अडकलेलं आयओ (वाचन-लेखन) वर सोडलंच जात नाही. दुसरा पाथ ठणठणीत असूनही डेटाबेस दोन मिनिटांहून जास्त गोठलेला. बाँडमध्ये एमआयआयमॉन (लिंकची तपासणी) १०० मिलिसेकंदांवर असेल तर हेच काम सेकंदाच्या आत होतं आणि वरच्या कोणाला पत्ताही लागत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही कार्डं एकाच सबनेटमध्ये. लिनक्स एआरपीचं (हा आयपी कोणाचा, या प्रश्नाचं) उत्तर कोणत्याही कार्डावरून देतं, आणि बाहेर जाणारी वाहतूक राउटिंग टेबलातल्या एकाच कार्डाने निघते. मल्टिपाथच्या यादीत चार पाथ दिसतात, वापरात केबल एकच. ती काढली की चारही पडतात. तिसरी चूक एलव्हीएमची (लिनक्सवर डिस्कचे व्हॉल्यूम सांभाळणारं सॉफ्टवेअर): फिल्टर नसेल तर व्हॉल्यूम ग्रुप मल्टिपाथने बनवलेल्या मॅपरच्या डिव्हाइसऐवजी थेट एसडीबीवर, म्हणजे एकाच पाथवर, उघडू शकतो, आणि मग मल्टिपाथ असून नसल्यासारखा. इतक्या जागी चुकू शकणाऱ्या गोष्टीला मी भरवशाची म्हणणार नाही.

दुहेरी_स्विच

तिन्ही चुका खऱ्या आहेत. त्या दुरुस्त होतात, बाँडचं आंधळेपण होत नाही.

१२० सेकंदांबद्दल: तो आकडा ५ करायचा, पण इथे लोक फसतात. आयस्कझीच्या मुख्य फाइलमध्ये केलेला बदल फक्त नव्याने शोधलेल्या टार्गेटला लागतो. आधी नोंदलेल्या नोडच्या नोंदी जुन्याच राहतात, त्या अपडेट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. शिवाय मल्टिपाथडी (मल्टिपाथ चालवणारी सेवा) स्वतःचा फास्ट_आयओ_फेल_टीएमओ चालू सेशनच्या रिकव्हरी_टीएमओवर (तीच १२० सेकंदांची मुदत) लिहितो. त्यामुळे फाइल वाचून निष्कर्ष काढू नका, सिसएफएसमध्ये (कर्नलची चालू स्थिती दाखवणाऱ्या फाइली) प्रत्येक सेशनचा रिकव्हरी_टीएमओ वाचा. तिथे ५ असेल तर पाथ मेल्यापासून आयओ दुसरीकडे वळायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात.

सबनेट वेगळे ठेवले तर एआरपीचा घोळ होत नाही. एकच सबनेट नशिबी आला असेल तर प्रत्येक सेशन ठरावीक कार्डाला बांधा, एआरपी_इग्नोर १, एआरपी_अनाउन्स २ आणि आरपी_फिल्टर २ करा.

तुमच्या हॅशबद्दल एक राहिलं. होस्टचा हॅश फक्त जाणाऱ्या वाहतुकीचा असतो. वाचनाचा डेटा कोणत्या केबलवरून परत येईल हे स्विचचा हॅश ठरवतो. लिहिणं दोन केबलींवर आणि वाचणं एकीवर, असं सहज होतं.

आता आंधळेपण. समजा एका स्विचवर कोणी व्हीलॅनची (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्कं) यादी बदलताना बाँडच्या एका पोर्टवरून स्टोरेजचा व्हीलॅन काढून टाकला. लिंक चालू आहे. एलएसीपीचे निरोप टॅगशिवाय जातात, त्यामुळे तेही व्यवस्थित येताहेत. बाँड त्या केबलला निरोगी समजून हॅशप्रमाणे अर्धी सेशन तिकडेच पाठवत राहतो आणि ती सगळी गडप होतात. एआरपीने तपासणी करण्याची सोय ८०२.३एडी (म्हणजे एलएसीपीच्या) मोडमध्ये चालत नाही. मल्टिपाथमध्ये मात्र त्या कार्डाच्या सेशनला नूपचं उत्तर येत नाही, १० सेकंदांत कनेक्शन तुटतं आणि काम दुसऱ्या स्विचने सुरू राहतं.

फाइल_कोठार

धाग्यात सगळे लनबद्दल बोलताहेत. एनएफएसला (नेटवर्कवरून डिस्कऐवजी फाइली देणारा प्रोटोकॉल) मल्टिपाथडी लागू होत नाही, तिथे बाँड हाच योग्य तोडगा आहे. लिनक्स कर्नल ५.३ पासून एनकनेक्ट हा माउंट पर्याय आहे, एका माउंटला १६ पर्यंत टीसीपी कनेक्शन. ती सगळी एकाच आयपीकडे जातात, फक्त सोर्स पोर्ट वेगळे. म्हणजे लेयर-३+४ हॅश इथे खरोखर उपयोगी पडतो. एसएमबी ३ या विंडोजच्या फाइल प्रोटोकॉलचं मल्टिचॅनल याउलट: त्याला दोन सबनेटमधले दोन आयपी द्या, तो स्वतः दोन्ही वापरतो आणि एक पडला तर दुसऱ्यावर चालवतो. तिथे बाँड करून त्याच्या कामात पाचर मारू नये.

एनएफएसचा फेलओव्हर (एक पडला की दुसऱ्यावर जाणं) मात्र केबलवर संपत नाही. व्हर्च्युअल आयपी दुसऱ्या नोडवर ५ सेकंदांत गेला तरी एनएफएस ४ चा ग्रेस काळ लिनक्सवर मुळात ९० सेकंद असतो. तेवढ्या वेळात क्लायंट जुने लॉक परत मागतात आणि नव्याने फाइल उघडणं ताटकळतं. हा काळ बेताने कमी करता येतो. दोन्ही नोडवर एक्स्पोर्टचा एफएसआयडी (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) एकच हवा, नाहीतर आयपी सरकला की क्लायंटला 'स्टेल फाइल हँडल' मिळतो. आणि माउंट हार्डच ठेवा. सॉफ्ट माउंटमध्ये वेळ संपली की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला एरर जाते, आणि ती न तपासणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल गुपचूप अर्धवट राहते.

रांगेत_थांबा

सगळेच पाथ गेले तर काय, हे अजून कोणी बोललं नाही. माझं मत: थांबून राहा. नो_पाथ_रीट्रायला (सगळे पाथ गेल्यावर किती थांबायचं ते ठरवणारी मल्टिपाथची सेटिंग) 'क्यू', म्हणजे रांगेत थांबणं, द्या. एरर वर गेली की ईएक्सटी४ चा जर्नल बंद पडतो आणि फाइलसिस्टम रीड-ओन्ली होते, एक्सएफएस तर स्वतःला बंदच करून घेतो. स्टोरेज ४० सेकंदांत परत आलं तरी फाइलसिस्टम तपासणं, माउंट करणं, सेवा उभ्या करणं यात तास जातो. रांगेत थांबलेलं आयओ मात्र मार्ग परत येताच पुढे सरकतं.

मुदत_हवी

अमर्याद रांग धोकादायक आहे. प्रोसेस डी स्थितीत (आयओची वाट बघत अडकलेल्या) जातात, किल -९ लाही दाद देत नाहीत. लोड अ‍ॅव्हरेज चढत जातो, शटडाउन अनमाउंटवर अडकतो आणि शेवटी पॉवर बटण दाबावं लागतं. म्हणजे ज्या डेटासाठी थांबलो तोच हातचा जातो.

क्लस्टरमध्ये याहून वाईट घडू शकतं. नोड १ चे सगळे पाथ गेले, त्याची लिखाणं रांगेत पडून आहेत. क्लस्टरने सेवा नोड २ वर सुरू केली, तिथे त्याच लनवर नवीन लिखाण झालं. मग नोड १ चे पाथ परत आले आणि जुनी रांग डिस्कवर उतरली. फेन्सिंग (जुन्या नोडला जबरदस्तीने बाहेर काढणं) किंवा स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (लनवर कोणी लिहायचं याचं कुलूप) नसेल तर फाइलसिस्टम गेलीच समजा.

मुदत मोजून ठेवा. पोलिंग_इंटरव्हल (पाथ दर किती सेकंदांनी तपासायचा) ५ आणि नो_पाथ_रीट्राय (किती तपासण्या थांबायचं) १२ म्हणजे ६० सेकंद. आपल्या स्टोरेजचा कंट्रोलर टेकओव्हर (एका कंट्रोलरचं काम दुसऱ्याने घेणं) लोडखाली किती वेळ घेतो ते मोजा आणि मुदत त्याच्या दुप्पट ठेवा. व्हर्च्युअल मशीन असतील तर गेस्टमधल्या डिस्कचा टाइमआउटही बघा. लिनक्सवर स्कझी डिस्कला तो मुळात ३० सेकंद असतो, व्हीएमवेअर टूल्स तो १८० करतात. फाइलमध्ये 'क्यू_इफ_नो_पाथ' फीचर आणि नो_पाथ_रीट्राय दोन्ही लिहिलेले असतील तर चालतो नो_पाथ_रीट्रायचाच शब्द.

रांगेत_थांबा

क्लस्टरचा मुद्दा मान्य, तिथे 'फेल' किंवा छोटी मुदत. एकट्या होस्टवर मात्र मी क्यूच ठेवेन, कारण ती रांग हाताने सोडता येते: डीएमसेटअप या कमांडने त्या मॅपला (मल्टिपाथने पाथ जोडून बनवलेल्या डिस्कला) 'फेल_इफ_नो_पाथ' हा निरोप दिला की अडकलेलं आयओ एरर होऊन सुटतं आणि मशीन नीट बंद करता येतं. ६० सेकंदांच्या मुदतीत ६५ व्या सेकंदाला परत आलेलं स्टोरेज काय कामाचं?

पाथ_वाचक

चार पाथ दिसले म्हणजे चारही सारखे, असं समजून पाथ_ग्रुपिंग_पॉलिसी 'मल्टिबस' (सगळे पाथ एकाच गटात) ठेवणारे बरेच दिसतात. एएलयूए (कोणता पाथ जवळचा ते स्टोरेजनेच सांगण्याची सोय) असलेल्या स्टोरेजवर हे टाळाच. बरोबर लावलेल्या मॅपची यादी अशी दिसते: वरच्या गटापुढे प्रायॉरिटी ५०, स्टेटस अ‍ॅक्टिव्ह, त्यात दोन पाथ. खालच्या गटापुढे प्रायॉरिटी १०, स्टेटस एनेबल्ड, त्यातही दोन. ५० म्हणजे लन ज्याच्या मालकीचा त्या कंट्रोलरकडचे पाथ. चारही एकाच गटात दिसले तर अर्धं आयओ परक्या कंट्रोलरकडे जाऊन आतल्या दुव्याने परत येतंय, आणि काही स्टोरेज तर वाहतूक बघून लनची मालकीच इकडून तिकडे हलवत राहतात. 'ग्रुप_बाय_प्रायो' आणि प्रायोला 'एएलयूए' द्या. वरच्या गटातले दोन पाथ दोन स्विचवर असतील तर दोन्ही स्विच रोज वापरात राहतात.

फेलबॅक (बऱ्या झालेल्या पाथवर परतणं) 'इमिजिएट' असेल तर सैल केबल फार छळते. लिंक येते, आयओ परत वळतं, लिंक जाते, पुन्हा पळापळ. तिथे सेकंदांचा आकडा द्या, किंवा क्लस्टरमध्ये 'फॉलोओव्हर' वापरा. आणि मेलेल्या पाथपेक्षा आजारी पाथ वाईट. एसएफपीचं (केबल जोडायच्या मोड्यूलचं) टोक मळलं की टीयूआरची चिमूटभर विनंती सुखरूप जाते, पाथ 'रेडी' दिसतो, पण मोठी वाचनं सीआरसी चुकांमुळे (वाटेत बिघडलेल्या फ्रेममुळे) पुन्हा पुन्हा पाठवली जातात आणि सगळ्या मॅपचा वेग बसतो. कार्डाचे आणि स्विचचे चुकांचे काउंटर बघितल्याशिवाय हे सापडत नाही. अशा पाथला काही काळ बाहेर बसवायला मल्टिपाथमध्ये मार्जिनल पाथच्या सेटिंग आहेत, त्या मुळात बंद असतात.

सरळवाट

यावर पटलं. लनसाठी आणि स्वतंत्र स्विच असतील तिथे मल्टिपाथ. पण मग चाचणीही तशीच हवी. होस्टवर कार्ड डाउन करून 'फेलओव्हर चालतो' म्हणणं ही चाचणी नव्हे.

दुहेरी_स्विच

बरोबर. चाचणी लोडखाली, चार प्रकारे: केबल उपसणं, स्विचवर पोर्ट बंद करणं, पोर्टवरून फक्त व्हीलॅन काढणं, आणि स्टोरेजकडून कंट्रोलर टेकओव्हर करवणं. एफआयओ या लोड देणाऱ्या टूलने ४ किलोबाइटची रँडम सिंक लिखाणं चालू ठेवा आणि सरासरी नव्हे, सर्वांत लांबलेलं एक आयओ किती सेकंद थांबलं तो आकडा टिपा. प्रत्येक चाचणीनंतर चारही पाथ परत आल्याची खात्री झाल्याशिवाय पुढची सुरू करू नका.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आधीच तपासा, प्रत्येक कार्डावरून प्रत्येक पोर्टलकडे: ९००० असेल तर तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटचा पिंग, कारण २० बाइट आयपी हेडरचे आणि ८ आयसीएमपीचे. मधला एखादा पोर्ट १५०० वर राहिला तर लॉगिन होतं, टीयूआर होतो आणि पहिलं मोठं लिखाण अडकतं. खालच्या गटातले पाथ एरवी रिकामे बसतात, त्यामुळे ही चूक नेमकी टेकओव्हरच्या वेळी उघडी पडते.

लोडचा हिशोबही ठेवा. दोन १० गिगाबिट कार्डांवर मिळून रोजची वाहतूक १४ असेल, तर एक गेल्यावर पाथ बदलतील पण लेटन्सी हाताबाहेर जाईल. कंट्रोलर गेला की कॅशचा आरसा (प्रत) धरणारा जोडीदार नसल्यामुळे बरीच स्टोरेज राइट कॅश बंद करून थेट डिस्कवर लिहायला लागतात, तो फटका वेगळा मोजा.

सरळवाट

मोजतो तसंच. एकाच कंट्रोलरच्या, बॅकअपपुरत्या बॉक्सला मात्र मी बाँडच ठेवणार: रेट फास्ट, हॅश लेयर-३+४ दोन्ही टोकांना, आणि महिन्यातून एकदा दोन्ही केबलींचे बाइट काउंटर समोरासमोर.

दुहेरी_स्विच

त्या काउंटरांसोबत स्विचवरच्या व्हीलॅनच्या याद्याही ताडून बघा. बाँड तेवढं तुम्हाला सांगणार नाही.